व्हायरल तापात काढा, फांट आणि वाफ: कोणतं पान, किती आणि किती दिवस

भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की साताऱ्यापासून मिरजेपर्यंत घरोघरी एकच पातेलं गॅसवर चढतं. त्यात तुळस, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, गुळवेल, अडुळसा, जे हाताला लागेल ते पडतं आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळलं जातं. या एका पातेल्यात तीन चुका होतात. तुळशीचं सुगंधी तेल वाफेबरोबर छताला जातं. गुळवेलीच्या कांडीला तेवढ्या उकळीनं पुरतं सुटायला वेळच मिळत नाही. मिरी-लवंग मात्र इतकी उतरते की दोन दिवसांत पोटात आग पडते, तोंड येतं, आणि ज्याला मूळव्याध आहे तो काढ्याला शिव्या घालतो. वनस्पती चांगल्याच असतात. पद्धत, माप आणि मुदत चुकते.

घरात वापरायच्या मात्रेत यातलं कुठलंही पान शरीरातला विषाणू मारत नाही. काचनळीत पेशींवर अर्क टाकला की विषाणू मरतो, अशा बातम्या खूप येतात. पण पोटात गेलेल्या कपभर काढ्यातून रक्तात तेवढी मात्रा पोचत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच निस्तरतं, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. या काळात घसा मऊ ठेवणं, कफ सुटा करणं, मळमळ थांबवणं, झोप लागू देणं आणि पोटात पाणी जात राहणं एवढंच वनस्पतींचं काम. ते काम छोटं नाही. म्हणून वनस्पती रोगाच्या नावावरून निवडू नका, तक्रारीवरून निवडा. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवून ही जोड द्यायची असते, गोळी बंद करून नव्हे.

आणायचं कुठून

हळद सांगलीची असेल तर प्रश्नच नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पिशवीवर ‘सांगली’ छापलं म्हणजे आत सांगलीच असते असं नाही. औषधासाठी पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या आणि घरी कुटा किंवा ओळखीच्या गिरणीत दळून आणा. फार चकचकीत, सगळी एकाच पिवळ्या रंगाची हळकुंडं दिसली तर सोडून द्या. रंग खुलवायला शिशाचा क्रोमेट चोळण्याचे प्रकार हळदीत झालेले आहेत. आणलेल्या पुडीबद्दल शंका असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून हलवू नका. चांगली पूड खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

आलं साताऱ्याकडे मुबलक. कोरेगाव भागात भाव पडला की शेतकरी ते जमिनीतच ठेवतात, त्यामुळे बाजारात नवं आणि जुनं अशी दोन्ही आली असतात. नवं पातळ सालीचं आणि रसाळ, जुनं तंतुमय आणि जास्त तिखट. रस काढायचा तर नवं घ्या, फांटाला, म्हणजे उकळलेल्या पाण्यात झाकून उतरवलेल्या पेयाला, जुनं. सुंठ म्हणजे नुसतं वाळलेलं आलं नव्हे. वाळताना त्यातला तिखट घटक बदलतो आणि आणखी झणझणीत होतो. शिवाय पाणी गेल्यानं वजन घटलेलं असतं. म्हणून दहा ग्रॅम ओल्या आल्याच्या जागी दोन ग्रॅम सुंठ पुरते. ‘तेवढीच घालू’ म्हणून दहा ग्रॅम सुंठ टाकली की घसा सोलवटतो.

गुळवेल बांधावर मिळते, आणि घोळ तिथेच होतो. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या कडेच्या झाडावर चढलेली वेल वर्षभर फवाऱ्याचे शिंतोडे खात असते. उसाच्या बांधावरच्या वेलीवर तणनाशक उडालेलं असतं. महामार्गालगतच्या वेलीवर धूर आणि धूळ. ती कितीही फोफावलेली दिसली तरी घेऊ नका. कण्हेर किंवा रुईवर चढलेलीही नको, कारण तोडताना त्या विषारी झाडाचं पान किंवा चीक हाताबरोबर येतो. परड्यातल्या कडुलिंबावरची, अंगठ्याएवढी जाड कांडी घ्या. कासच्या पठारावरून, कोयना किंवा चांदोलीच्या जंगलातून काहीही उपटून आणायचं नाही. ते संरक्षित आहे, आणि खाली परड्यात मिळणाऱ्या गोष्टींसाठी वर चढायची गरजही नाही.

गुळवेल ओळखताना दोन गोष्टी पाहा. साल कागदासारखी पातळ सुटते आणि कांडी कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. कांडीवर बारीक गाठी-पुटकुळ्या दाटलेल्या असतील आणि पांढरट चीक येत असेल तर ती तिची जवळची बहीण असते, औषधी गुळवेल नव्हे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयानं वनस्पतीची ओळख चुकल्याची शक्यता मांडली. वाद वनस्पतीच्या नावापुरता उरला नाही. नंतरच्या नोंदींत खऱ्या गुळवेलीनंही यकृताला त्रास झालेले रुग्ण आले. म्हणून या लेखात गुळवेल मागे ठेवली आहे.

काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध घेताना कांड्या घ्या, पूड नको. कांडी मोडल्यावर आतून पिवळी, तंतुमय आणि चावल्यावर गोड लागली पाहिजे. दालचिनी म्हणून बाजारात बहुतेक ठिकाणी मिळते ती जाड, एकाच थराची, टणक साल. तिच्यात कुमारिन हा घटक जास्त असतो आणि तो रोज भरपूर घेतला तर यकृताला बाधतो. दिवसाला एक ग्रॅमच्या वर जाऊ नका.

माप

दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा बाजारात काहीशे रुपयांत मिळतो. तो घ्या. ‘चिमूटभर’ आणि ‘बोटभर’ यात माणसागणिक तिप्पट फरक पडतो. काटा नसेल तर एवढं लक्षात ठेवा: औषधाचा चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, अर्धा चमचा हळदपूड साधारण दीड ग्रॅम, आणि अंगठ्याच्या पेराएवढं आलं दहा ग्रॅमच्या आसपास. पाणी मोजायला खोकल्याच्या बाटलीवरचं माप चालतं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियमचं नको. कल्हई नसलेलं पितळ-तांबंही नको, आंबटसर काढा त्यातला धातू ओढतो.

फांट कशाचा, काढा कशाचा

आयुर्वेदात स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला गोळा), काढा, हिम आणि फांट अशा पाच कृती सांगितल्या आहेत. त्यामागचं व्यवहारज्ञान साधं आहे. वासाची नाजूक पानं उकळायची नाहीत, टणक साल-मुळं नुसती भिजवून भागत नाही.

फांट करताना आधी पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पानं टाका आणि लगेच घट्ट झाकण लावा. आठ ते दहा मिनिटं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच झटका, तेल त्यातच असतं. गवती चहा, तुळस, पुदिना, ओवा आणि लवंग यांचा फांटच करायचा. एका माणसाला १५० मिलिलिटर पाण्यात तुळशीची आठ-दहा पानं, किंवा गवती चहाची दोन पाती कात्रीनं बोटभर तुकडे करून. आलं यात किसून टाकलं तर चालतं. ठेचून टाकलं तर गाळताना तंतू अडकतात, एवढाच फरक.

काढ्याला जाडसर कुटलेलं औषध आणि त्याच्या सोळापट पाणी घेतात आणि चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवतात. दहा ग्रॅमला १६० मिलिलिटर पाणी आणि शेवटी ४० मिलिलिटर काढा. आच मंद, भांडं उघडं. पूड करून काढा करू नका. पूड तळाशी करपते, काढा गढूळ होतो आणि गाळणीतून गाळ पोटात जातो. पाणी आटलं म्हणून परत पाणी ओतून त्याच चोथ्याचा दुसरा काढा करायची सवय काटकसरीची असली तरी त्यात उरतं ते कडवटपण. सकाळचा काढा संध्याकाळपर्यंतच. दुसऱ्या दिवशी त्यावर तवंग दिसला, फेस आला की मोरीत.

हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवणं. तापात लघवीला जळजळ होत असेल तर दहा ग्रॅम धणे भरडून ६० मिलिलिटर पाण्यात रात्री झाकून ठेवतात, सकाळी गाळून पितात. एवढा एक हिम माहीत असला तरी पुरे.

मधाबद्दल एक वाक्य: काढा कोमट झाल्यावर, कपात, पिताना घालायचा.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयानं सुचवलेला क्वाथ लोकांनी ऐकला होता, पण प्रमाण विसरून. ते असं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग, काळी मिरी एक भाग. सगळं वाळवून जाडसर भरडायचं आणि त्यातलं तीन ग्रॅम मिश्रण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात. दिवसातून एकदा किंवा दोनदा. तीन ग्रॅमला मिरी येते एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे सात-आठ दाणे. घरोघरी मूठभर मिरी ठेचून चार वेळा प्यायले गेले, आणि मग ॲसिडिटीच्या गोळ्या.

तक्रार पाहून

*घसा खवखवतो, गिळताना दुखतं.* सर्वांत आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार वेळा. त्यात चिमूटभर हळद घातली तर हरकत नाही, पण काम मीठ आणि ऊब करतात. मग ज्येष्ठमधाची करंगळीच्या पेराएवढी कांडी, साधारण दोन ग्रॅम, तोंडात धरून चघळायची आणि चोथा थुंकायचा. दिवसात जास्तीत जास्त तीन ग्रॅम, आणि सात दिवसांच्या वर नाही. ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम घालवतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो अजिबात घ्यायचा नाही. गोड लागतो म्हणून निरुपद्रवी समजला जाणारा हा पेटीतला सर्वांत फसवा जिन्नस.

*कोरडा खोकला, रात्री झोप नाही.* झोपताना मध. खोकल्यासाठी मधाला चाचण्यांचा बऱ्यापैकी आधार आहे. औषध न देण्यापेक्षा तो बरा ठरतो, आणि काही चाचण्यांत खोकल्याच्या प्रचलित सिरपाच्या तोडीचा. मोठ्यांना दोन चमचे, एक ते पाच वर्षांच्या मुलांना अर्धा चमचा, त्यावरच्यांना एक. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही, बारशाला नाही आणि खोकल्यालाही नाही. मधात असू शकणारे बॉट्युलिझमचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात रुजतात आणि बाळ लुळं पडतं. मधात आल्याचा रस मिसळायचा तर मोठ्यांपुरता, अर्धा चमचा.

*चिकट कफ, सुटत नाही.* इथे अडुळसा. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, तेव्हा आजीचं पान आणि दुकानातलं सिरप लांबचे नातेवाईक आहेत. अडचण अशी की अडुळशाचं पान नुसतं वाटून रस निघत नाही. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलं की हिरवं कडू पाणी मिळतं आणि माप कळत नाही. पंधरा-वीस पिकत आलेली पानं धुवून इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा, गरम असतानाच खलात ठेचा आणि जाड सुती कापडातून पिळा. जुनी पुटपाकाची रीत हीच, फक्त निखाऱ्याऐवजी इडलीपात्र. दोन चमचे रस, एक चमचा मध, सकाळ-संध्याकाळ, पाच ते सात दिवस. मात्रा वाढली तर उलटी होते. गरोदर बाईनं अडुळसा घ्यायचा नाही, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि बाजारच्या सिरपात ब्रोमहेक्सिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल असेल तर त्यावर आणखी अडुळसा नको. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा.

*नाक चोंदलंय.* साध्या पाण्याची वाफ, पाच मिनिटं, तोंड भांड्यापासून फूटभर लांब. भांडं टेबलावर किंवा जमिनीवर स्थिर हवं, मांडीवर किंवा पलंगावर नको. वाफ घेताना पोळलेली माणसं दवाखान्यात येतात ती भांडं कलंडल्यामुळे. लहान मुलाला चादरीखाली कोंबून वाफ देऊ नका. त्याला गरम पाण्याच्या आंघोळीनं वाफाळलेल्या न्हाणीत मांडीवर घेऊन बसा. पाण्यात कापूर टाकायचा नाही, मुलाच्या नाकाखाली किंवा छातीला कापूर चोळायचा नाही. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात, आणि त्याला फार थोडा पुरतो. निलगिरीचं तेलही पोटात घ्यायचं नसतं. छाती भरल्यासारखी वाटत असेल तर दोन मोठे चमचे ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहा, मग शेका.

*मळमळ, तोंडाला चव नाही.* किसलेलं आलं पाच ग्रॅम, १५० मिलिलिटर पाण्याचा फांट, घोट घोट. बरोबर जुलाब असतील तर काढे बाजूला ठेवून ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असला अंदाज नको. मुलांना झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १० मिलिग्रॅम.

*अंग मोडून आलंय, झोप हवी.* हळदीचं दूध: १५० मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद, दोन उकळ्या. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून साय काढलेल्या दुधापेक्षा सायीचं बरं, आणि दोन मिरीदाणे ठेचून घातले तर ते शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं. पित्ताशयात खडे असतील तर हळद जेवणापुरतीच ठेवा. चिकनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात, त्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक आराम देतो: पाला वाफवून कापडात बांधायचा, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. सुजेवर चोळून मालिश मात्र नको.

गुळवेल द्यायचीच तर ताप उतरल्यावर, अशक्तपणा आणि मंद भूक राहिली असताना, दहा ग्रॅम ओल्या कांडीचा वर सांगितल्याप्रमाणे ४० मिलिलिटर काढा, दिवसातून एकदा, सात दिवस. यकृताचा आजार, आमवात-ल्युपससारखा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार, थायरॉइडची सूज किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर नाहीच. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर खाली जाऊ शकते. आणि बाटलीतला रस, वटी, तयार काढ्याचं पाकीट या तिन्हींत गुळवेल असते. तिन्ही चालू असतील तर मात्रा तिप्पट झाली. घेताना भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली की त्याच दिवशी बंद आणि यकृताची तपासणी.

डेंगी असेल तर खेळ वेगळा

पहिल्या दोन दिवसांत साधा ताप, फ्लू आणि डेंगी घरी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून जुलै ते नोव्हेंबरमध्ये कुठल्याही तापाला पॅरासिटामॉल एवढंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, ही औषधं रक्तस्राव वाढवतात. याच कारणानं लसूण, आलं आणि हळदीचे जास्त मात्रेतले प्रयोगही तेवढ्या दिवसांत थांबवा. भाजी-आमटीत पडतं तेवढं चालतं.

पपईच्या पानांचं काय? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या चाचणीत २२८ रुग्ण होते. ज्यांना ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस दिला त्यांच्या प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्या. इथपर्यंत ठीक. पण डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेकदा प्लेटलेटच्या आकड्यामुळे नव्हे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाट होतं आणि दाब पडतो. पपईनं ते थांबतं असं दिसलेलं नाही. प्लेटलेट तर बरं होताना आपोआपही चढतात, आणि श्रेय त्या दिवशी प्यायलेल्या रसाला जातं. रस जहाल कडू असतो. त्यानं उलटी झाली तर जे पाणी पोटात हवं तेच बाहेर पडतं. पोटात टिकत असेल आणि डॉक्टरांना सांगितलं असेल तर घ्या. नाहीतर त्या जागी ओआरएस, नारळपाणी, भाताची पेज, ताक. दिवसभरात मोठ्या माणसाच्या पोटात अडीच-तीन लिटर गेलं पाहिजे, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. आटपाडीचं डाळिंब आणि बीट यांचे लाल रस तेवढे दिवस नको, उलटीत रक्त आहे की रस ते कळत नाही.

सगळ्यात धोक्याचे दिवस ताप उतरल्यानंतरचे, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यानचे. घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि नेमकं तेव्हाच पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, सहा तास लघवी नाही, किंवा माणूस सुस्त वा बेचैन होणं यांपैकी काही दिसलं तर काढा-रस काही न पाजता थेट रुग्णालय. वाहन नसेल तर १०८.

जिथे पानं लावायचीच नाहीत

कावीळ. कृष्णा-वारणेला पूर येऊन गेला की दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई पसरतो. यकृत आधीच सुजलेलं असतं, आणि पोटात गेलेलं प्रत्येक औषध, झाडपाल्याचंही, त्याच यकृतातून जातं. भुईआवळ्याची कीर्ती मोठी आहे, पण बहुतेकांची ही कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे काहीही दिलं तरी गुण आल्यासारखं वाटतं. देवडांगरीचा रस नाकात घालायचा प्रकार त्याहून वाईट. नाकातून पिवळं पाणी धो धो वाहतं ते अंतस्त्वचा भाजल्यामुळे, त्यात कावीळ नसते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो, तिला कुठल्याही गावठी औषधासाठी एक दिवसही थांबवू नका.

नागीण. लेप, गेरू, मंत्र यांत तिसरा दिवस उलटतो. असायक्लोव्हिरसारखी औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर खरी कामाची. डोळ्याजवळची नागीण असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

कांजण्या. कडुलिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्यानं अंग पुसलं तर खाज कमी वाटते, तेवढं ठीक. कडुलिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात द्यायचं नाही, मेंदूला सूज येऊन मुलं दगावली आहेत. ॲस्पिरिनही नाही.

कुत्रं चावलं तर रुईचा चीक, तिखट, चुना, हळद यातलं काहीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्या. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

कुणाला काय नको

एक वर्षाखालच्या बाळाला यातलं काहीच नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, त्यानंतर दुधाबरोबर त्याचा नेहमीचा आहार. पाच वर्षांपर्यंत मध आणि कोमट पातळ पदार्थ. पाच ते बारा वर्षांना तुळशीचा किंवा गवती चहाचा निम्म्या ताकदीचा फांट, ५० मिलिलिटर. आटवलेला काढा बारा वर्षांनंतर. गरोदरपणात जेवणातलं आलं-हळद चालतं. अडुळसा, ज्येष्ठमध, गुळवेल, पपईचं पान नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आलं-हळद-लसूण भाजीपुरतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सगळे काढे दोन आठवडे आधी बंद. तपासायला जाताना काय, किती, किती दिवस घेतलं ते चिठ्ठीवर लिहून न्या. ‘घरचंच थोडंसं’ या उत्तरावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

मोठ्या माणसाचा ताप तीन दिवसांच्या वर गेला, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला तर घरगुती उपाय तिथेच संपले. मुलांचा श्वास झोपेत, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, एक वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका धरून निघा.

परड्यात काय लावावं

मृगाच्या आधी-मागे कुंड्या भरल्या की आश्विनापर्यंत पानं हाताशी येतात. गुळवेलीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर कांडी, दोन डोळे मातीखाली जातील अशी तिरकी लावा. अडुळशाचीही फांदीच लागते, कुंपणाला लावली तर शेळी तोंड लावत नाही. तुळस बियांवरून, मंजिऱ्या खुडत राहिलं तर पानं भरतात. सब्जा तिच्यासारखाच दिसतो, पण त्याचं पान गुळगुळीत असतं आणि वास गोडसर. गवती चहाचं एक ठोंब घरापुरतं पुरतं, दर दोन वर्षांनी ते काढून फोडून लावावं लागतं, नाहीतर मधे कुजतं. आणि त्याला मोरीच्या तोंडाशी जागा देऊ नका. साबणाच्या पाण्यावर ते जोमानं वाढतं खरं, पण तीच पाती उद्या न उकळता फक्त गरम पाण्यात बुडवून प्यायची असतात.